कांद्याच्या भावावर प्रकल्प, आणि गूगलवर नुसत्या बातम्या

प्रश्न असा आहे: "मी नाशिकच्या एका महाविद्यालयात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय लासलगाव बाजारातील कांद्याच्या भावातील चढउतार. आठवडाभर रोज रात्री गूगलवर शोधतेय. बातम्या, यूट्यूबचे व्हिडिओ आणि फिरून फिरून तोच मजकूर येतो. चॅटजीपीटीने दहा संदर्भ दिले, त्यातले सहा कुठेच सापडत नाहीत. इंग्रजी जेमतेम आहे. माझं नेमकं काय चुकतंय?"

तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत. चूक पहिल्या पाच मिनिटांत झाली आणि पुढचा आठवडा तिच्यात गेला. प्रकल्पाचे शीर्षक जसेच्या तसे शोधपेटीत टाकले की हे असेच होते. "चढउतारांचा चिकित्सक अभ्यास" अशी भाषा फक्त प्रकल्पांच्या मुखपृष्ठावर असते. बाजार समितीच्या तक्त्यात ती नसते, कृषी विभागाच्या अहवालात नसते, अर्थशास्त्रज्ञांच्या लेखातही नसते. मग गूगल तीच भाषा असलेली पाने आणून देतो, म्हणजे तयार प्रकल्प विकणाऱ्या साइट्स आणि बातम्या. शोधयंत्राने आपले काम चोख केलेले असते, त्याला शब्द चुकीचे मिळालेले असतात.

म्हणून मोबाइल बाजूला ठेवून आधी वहीत लिहा: मला हवी असलेली माहिती कोणाच्या दप्तरात तयार होत असेल? भाव आणि आवक बाजार समितीत रोज नोंदली जाते. तिथून ती राज्याच्या कृषी पणन मंडळाकडे आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावर जाते. लागवडीचे क्षेत्र आणि उत्पादन कृषी विभागाकडे. निर्यात खुली की बंद, हे परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी ठरवते. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय ठरवते. वाण आणि साठवणुकीतली घट यावरचे काम राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयात आणि आपल्याकडच्या एनएचआरडीएफ या फळे-भाज्यांवरच्या संशोधन संस्थेत होते. भाव का हलतात याची चिकित्सा नियतकालिकांतल्या लेखांत आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत सापडते. बातमीचा उपयोग एवढाच की अमुक गोष्ट साधारण कधी घडली ते कळते. ही सहा-सात नावे समोर आली की एका मोठ्या शोधाचे सहा लहान शोध होतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

यानंतर शब्द. या पायरीवर सर्वात जास्त वेळ द्या, कारण मराठीतून शोधणाऱ्याला अडवणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथेच आहेत.

गावांच्या नावांपासून सुरुवात करा. नाशिकचे रोमन स्पेलिंग जुन्या कागदांत 'एसआयके' आणि नव्यांत 'एसएचआयके' असे संपते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ चा नाशिकवरचा खंड जुन्या स्पेलिंगनेच सापडतो, आणि कित्येक दशकांचे कृषी अर्थशास्त्राचे लेखही. मराठीतही नाशिक आणि नासिक अशी दोन्ही रूपे आहेत. दोन्ही घालायची आणि मध्ये रोमन कॅपिटलमध्ये 'ओआर' लिहायचे. लहान अक्षरांत लिहिलेला 'ओआर' गूगल आज्ञा म्हणून घेत नाही.

दुसरी अडचण आपल्या विभक्तीची. शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांच्या ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात, पण अवतरणचिन्हांत शोधले की यंत्र त्यांना वेगळे शब्द धरते. "कांद्याचे भाव" असे अवतरणात टाकले तर "कांदा भाव", "कांद्याच्या दरात", "कांदा बाजारभाव" असलेली पाने निसटतात. म्हणून मराठीत अवतरणचिन्हे फक्त नावांना आणि न बदलणाऱ्या जोडशब्दांना लावा: "कृषी उत्पन्न बाजार समिती", "उन्हाळी कांदा". बाकीचे शब्द मोकळे सोडा आणि भाव, दर, बाजारभाव असे पर्याय आलटून पालटून घाला. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात न उच्चारलेले अनुस्वारही लिहिले जात. तिथे "गाव" शोधून "गांव" मिळेलच असे नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजी शब्दांची. "इंग्रजी जेमतेम" ही इथे फार मोठी अडचण नाही. लेख समजून घेण्यापुरते इंग्रजी हळूहळू जमते. शोधायला लागतात दहा-बारा नेमके शब्द. तुम्ही "ऑनियन प्राइस फ्लक्चुएशन" शोधले असेल, आणि त्यातून काही मिळतेही. पण हे काम करणारी मंडळी 'प्राइस व्होलॅटिलिटी' (भावाची अस्थिरता), 'सीझनॅलिटी' (हंगामीपणा), 'मार्केट इंटिग्रेशन' (बाजारांचे एकमेकांशी जोडलेपण), 'प्राइस ट्रान्समिशन' (एका बाजारातला भावबदल दुसऱ्यात पोहोचणे), 'अरायव्हल्स' (आवक) हे शब्द वापरतात. शेतकरी ज्याला रांगडा म्हणतो त्याला अहवालात 'लेट खरीप' म्हणतात आणि उन्हाळ कांद्याला 'रब्बी'. हे शब्द सुरुवातीला कोणालाच माहीत नसतात. विषयावरचा एक बरा लेख मिळाला की त्याच्या सारांशाखाली 'कीवर्ड्स' अशी ओळ असते. तिच्यातले चार-पाच शब्द वहीत उतरवा आणि पुढचा शोध त्यांनी करा. मार्शिया बेट्स या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९८९ मध्ये शोधाला फळे वेचण्याची उपमा दिली होती. आपल्याकडची करवंदे तशीच वेचतात. एका जाळीवर पाटी भरत नाही, चार इथे मिळतात, चार पलीकडे, आणि पुढे कुठे जायचे ते हातात आलेल्या फळांवरून ठरते. एकाच शोधात सगळे मिळावे ही अपेक्षा सोडली की अर्धी निराशा जाते.

आता आज्ञा. इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप रोमन लहान अक्षरांत करा. 'साइट' लिहून लगेच कोलन आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता, मध्ये कुठेही जागा नाही. कोलननंतर एक स्पेस पडली तरी आज्ञा बिघडते आणि निकाल का बिनसले ते कळत नाही. 'साइट:जीओव्ही डॉट इन' असे दिले की केवळ सरकारी पाने येतात, 'एसी डॉट इन' दिले की विद्यापीठे आणि संशोधन संस्था. 'फाइलटाइप:पीडीएफ' जोडले की बातम्या जवळजवळ नाहीशा होतात, कारण अहवाल पीडीएफमध्ये असतात आणि बातम्या नसतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाचिन्ह, शब्दाला चिकटवून. कांद्याच्या बाबतीत 'रेसिपी' हा शब्द असा काढून टाकावा लागतो. 'आफ्टर:२०१९' किंवा 'बिफोर:२०१५' असे वर्षही बांधता येते. आणि निकालाच्या वरच्या पट्टीत 'वेब' नावाचा पर्याय आहे, बहुधा 'मोअर'च्या आत लपलेला. तो निवडला की व्हिडिओ आणि वरचे एआयचे तयार उत्तर जाते, नुसत्या लिंक उरतात. अभ्यासासाठी हाच टॅब वापरावा.

मराठी पीडीएफ सापडत नसेल तर ती नाहीच असे समजू नका. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी बनलेल्या फाइल्स जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते, म्हणून गूगलला त्यात "कांदा" दिसतच नाही. फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली की लगेच कळते. ओळ निवडताच येत नसेल तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून 'ओपन विथ गूगल डॉक्स' केले की मजकूर वेगळा निघतो, मराठीही. फाइल २ एमबीच्या आत असावी, मोठी असेल तर पाने तोडून द्या. निघालेल्या मजकुरात ध आणि घ, भ आणि म यांची अदलाबदल होते, आणि आकडे तर मूळ चित्राशी ताडल्याशिवाय कधीच वापरू नका.

शासन निर्णय शोधताना आणखी एक खूण कामी येते. निर्णयाच्या शेवटी "त्याचा संकेताक अमुक असा आहे" असे वाक्य असते आणि पुढे १८ अंकी संख्या. तिचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जीआर खरा आहे का, हे तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून दोन मिनिटांत कळते.

आता तुमच्या प्रकल्पाचा गाभा, म्हणजे भावाचा तक्ता. तो मिळवणे सोपे आहे, चुका वाचण्यात होतात. पणन मंडळाच्या तक्त्यात जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. दर क्विंटलमागे रुपयांत. सर्वसाधारण दर म्हणजे कमाल आणि किमान यांची सरासरी नव्हे. त्या दिवशी ज्या दराने जास्तीत जास्त माल गेला तो दर, इंग्रजीत मोडल प्राइस. बरेच विद्यार्थी कमाल-किमान बेरजेला दोनाने भागतात. लासलगावला एखादे निवडक वाहन चढ्या भावाने गेले की तो 'जास्तीत जास्त' आकडा वर जातो आणि ही सरासरी खोटी ठरते. सर्वसाधारण दरच घ्या, आणि महिन्याचा आकडा काढताना प्रत्येक दिवसाचा दर त्या दिवसाच्या आवकेने गुणून, बेरजेला महिन्याच्या एकूण आवकेने भागा. १०० क्विंटल आवकेचा दिवस आणि १५,००० क्विंटलचा दिवस यांचे वजन सारखे धरून चालणार नाही.

अ‍ॅगमार्कनेटवर आवक टनांत दिलेली असते, पणन मंडळाकडे क्विंटलमध्ये. १ टन म्हणजे १० क्विंटल. दोन ठिकाणचे तक्ते जोडले की आवक अचानक दहापट झाल्याचा आलेख निघतो आणि त्यावर सविस्तर कारणमीमांसाही लिहिली जाते. तक्त्याच्या डोक्यावरचे एकक आधी वाचा. शिवाय यादीत लासलगाव एकदाच येत नाही. मुख्य बाजार वेगळा, कंसात निफाड लिहिलेला वेगळा, विंचूर लिहिलेला वेगळा, कारण ते उपबाजार आहेत. तुमचा अभ्यास कोणत्या आवाराचा आहे ते पहिल्या प्रकरणात लिहा आणि शेवटपर्यंत तेच धरा. लाल आणि उन्हाळी कांद्याचे भावही एका रेषेत ओढू नका. दोन्ही माल एकाच वेळी बाजारात असतात त्या आठवड्यांत भाव पडलेला किंवा चढलेला दिसतो तो कधीकधी मालाची जात बदलल्यामुळे असतो. सुटीच्या किंवा लिलाव बंद असलेल्या दिवसांचे रकाने रिकामे असतात. त्यात शून्य भरू नका, रिकामेच ठेवा.

धोरणांच्या तारखा हा बातम्यांवर विसंबल्याने होणाऱ्या चुकांचा दुसरा अड्डा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. निर्यातबंदी आली ती ८ डिसेंबर २०२३ पासून. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, नंतर वाढवली, आणि ४ मे २०२४ ला उठवताना टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. प्रकल्पांत ऑगस्टमधल्या शुल्काला सर्रास "निर्यातबंदी" म्हटले जाते. मग आलेखावरची उभी रेघ जवळजवळ चार महिने आधी पडते आणि सगळा निष्कर्ष घसरतो. बातमीतून महिना घ्या, मग डीजीएफटीच्या संकेतस्थळावर त्या महिन्याच्या अधिसूचनांत कांदा शोधा, आणि संदर्भ अधिसूचनेचा द्या.

आकड्यांनाही असेच मागे मागे जाऊन गाठायचे. "ग्राहकाच्या रुपयातले कांदा उत्पादकाला ३६ पैसे मिळतात" हे वाक्य बातम्यांत आणि भाषणांत फिरते. त्याचे मूळ रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या टोमॅटो, कांदा, बटाटा महागाईवरील २०२४ च्या शोधनिबंधात आहे. आकडा, 'ऑनियन', 'कन्झ्युमर रुपी' हे शब्द आणि साइटच्या आज्ञेत रिझर्व्ह बँकेचा पत्ता, एवढ्यावर तो सापडतो. उघडल्यावर हा वाटा कसा काढला ते वाचा, तेव्हाच तो लासलगावला लागू करायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. तसाच भारतीय स्पर्धा आयोगासाठी बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने २०१२ मध्ये केलेला कांदा बाजारांचा अहवाल आहे. तुमच्या विषयाच्या इतका जवळचा अहवाल प्रकल्पात नसेल तर तोंडी परीक्षेत प्रश्न येणारच.

लेखांसाठी गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचे फक्त संशोधनपर लेख शोधणारे यंत्र. तिथे बहुतेकजण पहिल्या पानावरच्या दोन पीडीएफ उतरवून थांबतात, आणि खरी ताकदीची गोष्ट तशीच राहते. जवळचा एक लेख सापडला की त्याखाली 'सायटेड बाय' आणि एक आकडा असतो. त्यावर टिचकी मारा. उघडलेल्या पानावर शोधपेटीखाली 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' असा चौकोन आहे, त्यात खूण करा आणि नाशिकची दोन्ही स्पेलिंग व लासलगाव टाका. त्या लेखाचा आधार घेऊन आपल्या जिल्ह्यावर ज्यांनी लिहिले ते सगळे समोर येतात. लेखाच्या शेवटची संदर्भसूची भूतकाळात नेते, 'सायटेड बाय' अलीकडे आणते. नवे लेख हवे म्हणून 'सॉर्ट बाय डेट' दाबू नका, त्यात फक्त गेल्या वर्षभरातली भर दिसते. डावीकडे 'सिन्स' करून वर्ष निवडा. लेख पैसे मागत असेल तर 'ऑल व्हर्शन्स' उघडा, त्याची मोफत प्रत बरेचदा तिथे असते.

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध प्रकरणवार वेगळ्या पीडीएफमध्ये असतात. पूर्ण प्रबंध उतरवत बसू नका, पूर्वसाहित्याचे प्रकरण आणि संदर्भसूची आधी घ्या. दुसऱ्याने तीन वर्षे घालून जमवलेली यादी ती. नाशिकची बहुतेक जुनी महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले, तेव्हा नावाची दोन्ही रूपे तपासा. मराठीत लिहिलेल्या प्रबंधांची शीर्षके पुष्कळदा रोमन लिपीत भरलेली असतात. देवनागरीत काही न मिळाल्यास 'कांदा', 'बाजारपेठ' हेच शब्द रोमनमध्ये टाका.

पैसे भरून मिळणाऱ्या नियतकालिकांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. त्यात १३,००० हून अधिक नियतकालिके आहेत, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे आणि नाशिकमधली बरीच महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत. तुमच्या महाविद्यालयाकडे एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांसाठीची ई-नियतकालिकांची सोय असेल तर त्याचे लॉगिन ग्रंथपाल देतात. अनेक विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात तरी हे लॉगिन मागत नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

मिळालेले विश्वासार्ह आहे का? पानाचा देखणेपणा किंवा "यूजीसी मान्यताप्राप्त" हा शिक्का पाहून ठरवू नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचे जाहीर केले, तरी शिक्के तसेच आहेत. अमेरिकेत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. बरेच विद्यार्थी आणि इतिहासकारसुद्धा त्याच पानावर खालपर्यंत वाचत बसले आणि फसले. तपासनीसांनी पान लगेच सोडले, नवा टॅब उघडला आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिले. तेच करा. नियतकालिकाचे नाव वेगळ्या टॅबमध्ये शोधा. लेख चार दिवसांत छापण्याची हमी आणि शेतीपासून दंतवैद्यकापर्यंत सगळे विषय एकाच अंकात, असे दिसले की बाजूला ठेवा.

राहिले तुमचे न सापडणारे सहा संदर्भ. ते न सापडण्यात तुमचा दोष नाही, ते बहुधा अस्तित्वातच नाहीत. चॅटजीपीटीसारखे यंत्र शब्दामागून शब्द जुळवते. लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्ष शक्यतेतले, पण तिघांना जोडणारा लेख कोणी लिहिलेलाच नाही. तपासायची रीत: १० ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक दिला असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. उघडला नाही किंवा भलताच लेख उघडला, तर संदर्भ बाद. क्रमांक नसेल तर शीर्षक अवतरणात घालून स्कॉलरवर शोधा, मग त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. सापडलेले चार लेखही उघडून वाचाच, कारण लेख खरा असून त्यातला म्हणून सांगितलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. चॅटजीपीटीकडून शब्द मागा: "या विषयावर अर्थशास्त्रज्ञ कोणत्या इंग्रजी संज्ञा वापरतात?" तिथे त्याची खरी मदत होते. शब्द चुकला तरी फुकट जातो फक्त एक शोध.

प्रत्येक शोधाची वहीत एक ओळ लिहा: तारीख, कुठे, कोणते शब्द, काय मिळाले. चौथ्या दिवशी तोच शोध पुन्हा करणे यामुळे वाचते. नवे लेख उघडले आणि त्यांच्या सूचीत तीच दहा-बारा नावे दिसू लागली की त्या भागाचा शोध थांबवा आणि लिहायला बसा.

काही गोष्टी ऑनलाइन मिळणारच नाहीत. बाजार समितीचे जुने वार्षिक अहवाल आणि लिलाव बंदच्या तारखा समितीच्या कार्यालयात मागाव्या लागतील. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, आणि त्यात नेमकी वर्षे व नेमके रकाने लिहा. "कांद्याची माहिती हवी" असे पत्र टेबलावर पडून राहते. जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांसाठी आधी तुमच्या महाविद्यालयाच्या आणि १८४० पासून चालू असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना कोणत्या वर्षांचे अंक पाहायला मिळतील ते विचारा. जाताना तारखांची यादी भावाच्या तक्त्यावरून काढून न्या: ज्या आठवड्यांत दर एकदम हलला तेवढेच आठवडे. वर्षभराचे अंक चाळण्याऐवजी आठ-दहा आठवडे पुरतील.